जखम भरल्यानंतरचा मोतीबिंदू

विजेचा जबर धक्का बसून भाजलेल्या माणसाच्या उपचारांत डोळ्याची आठवण सर्वांत शेवटी होते, आणि ती होईपर्यंत पुष्कळदा डोळ्यातील भिंग धुरकटू लागलेले असते. यात कोणाची हयगय असतेच असे नाही. पहिल्या काही तासांत हृदयाचे ठोके, लघवीचा रंग, हातापायांतील रक्तप्रवाह आणि कोळसा झालेली बोटे यांचा प्रश्न जीवनमरणाचा असतो, पुढचे काही आठवडे पट्ट्या, त्वचारोपण आणि जंतुसंसर्ग यांत निघून जातात, आणि रुग्ण घरी परततो तेव्हा त्याला दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसत असते. मोतीबिंदू धरतो तो त्यानंतर, बहुधा दोन ते सहा महिन्यांत, कधी त्याआधी, तर कधी काही वर्षांनी. त्यामुळे विद्युतदाहानंतरच्या मोतीबिंदूची खरी अडचण शस्त्रक्रियेची नसून काळाची आहे. धक्का आणि धूसर दिसणे यांच्यामध्ये इतके दिवस गेलेले असतात की दोहोंचा संबंध सहसा कोणी जोडत नाही, आणि जोडला तरी तो दाखवणारा कागद रुग्णाच्या हाती नसतो.

हा विषय अकोटच्या संदर्भात पाहण्याला कारण आहे. अकोला जिल्ह्याचा हा तालुका उत्तरेस सातपुड्याच्या कुशीत, नरनाळा किल्ल्याच्या आणि मेळघाटच्या जंगलाच्या पायथ्याशी सुरू होतो आणि दक्षिणेस पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात उतरतो. दक्षिणेकडच्या गावांत भूजल खारे असल्याने कपाशी, तूर आणि हरभरा ही पिके मुख्यतः पावसावर आणि जमिनीतील ओलीवर निघतात. डोंगराच्या पायथ्याच्या पट्ट्यात मात्र गोडे पाणी लागते आणि तेथे संत्रा, केळी, पानमळे आणि अकोट-तेल्हारा-अंजनगाव या भागाची खासियत असलेली पानपिंपळी ही पिके उभी राहतात. हे पाणी आज शेकडो फूट खोल गेले आहे. विहिरीवरची मोट आणि नंतरचे डिझेल इंजिन यांच्या जागी बोअरमध्ये सोडलेला विजेचा पंप आला, त्यालाही आता कित्येक दशके झाली, आणि पायथ्याच्या पट्ट्यातील बागाइतीचा सारा संसार त्या पंपाच्या स्टार्टरवर उभा आहे. अकोल्याजवळ पारसला प्रत्येकी २५० मेगावॅटच्या दोन संचांचे औष्णिक केंद्र आहे, म्हणजे वीजनिर्मिती जिल्ह्याला परकी नाही. परंतु केंद्रातून निघालेली वीज शेतापर्यंत पोहोचते ती ३३ आणि ११ हजार व्होल्टच्या वाहिन्यांवरून, रोहित्रांमधून आणि शेवटी शेतकऱ्याच्या ओल्या हातांपाशी, आणि अपघात बहुधा या शेवटच्या टप्प्यातच घडतात.

रोहित्र हा सरकारी शब्द झाला. शेतात त्याला डीपी म्हणतात. दोन खांबांवर बसवलेल्या डीपीवर वरच्या बाजूने ११ हजार व्होल्टच्या तीन तारा येतात, त्या प्रत्येकीच्या वाटेत डीओ नावाचा, वितळल्यावर खाली लोंबणारा फ्यूज असतो, आणि खालच्या पेटीत पंपांकडे जाणाऱ्या ४१५ व्होल्टच्या तीन फेजसाठी चिनीमातीच्या किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार धरणाऱ्या बैठका, बसवलेल्या असतात. महाराष्ट्रात शेतीपंपांना तीन फेजची वीज आळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास देण्याची पद्धत वर्षानुवर्षे राहिली. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात पंप मध्येच बंद पडतो, एक फेज गेलेली असते, लाईनमनकडे अनेक गावांचा भार असल्याने तो सकाळपर्यंत येण्याची शक्यता नसते, आणि केळीला पाणी दिलेच पाहिजे असते. अशा वेळी शेतकरी किंवा त्याचा सालदार विजेरी घेऊन डीपीपाशी जातो, लांब काठीने डीओ पाडतो किंवा पाडला असे समजतो, पेटीचे दार उघडून जळालेली किटकॅट ओढतो, तिच्यात फ्यूजच्या तारेऐवजी हाताला लागेल ती जाड तार गुंडाळतो आणि ती पुन्हा जागेवर दाबतो. पंपांचा भार चालू असताना किटकॅट दाबली गेली किंवा तारेचे टोक शेजारच्या फेजला टेकले, तर दोन धातूंमधील हवाच वाहक बनते आणि निळसर पांढरा लोळ उठतो. या लोळाला तंत्रज्ञ आर्क म्हणतात, त्याचे तापमान हजारो अंशांत असते, आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर असतो तो माणसाचा चेहरा. पायाखालची जमीन ओली, पाय अनवाणी, अंगावर संरक्षक काही नाही. हे काम करण्याचा त्याला अधिकार नाही हे खरे, आणि वीज कंपनी तसे वारंवार बजावते हेही खरे. पण रात्री पाणी देण्याची सक्ती ज्या वेळापत्रकाने निर्माण केली, त्या वेळापत्रकाला या अपघातांच्या हिशेबातून सोडून देणे न्यायाचे नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या दृष्टीने आरोग्याचीही योजना आहे, जरी तिचे मोजमाप मेगावॅटमध्येच केले जात असले तरी.

अपघाताच्या बाकीच्या वाटाही वऱ्हाडच्या ओळखीच्या आहेत. जंगलालगतच्या शेतांत रानडुकरे आणि रोही उभे पीक एका रात्रीत लोळवतात, म्हणून काही जण कुंपणाच्या तारेत थेट वीज सोडतात. बाजारात मिळणारे झटका यंत्र क्षणभराचा, मर्यादित ऊर्जेचा ठोका देते, तर आकडा टाकून सोडलेला २३० व्होल्टचा प्रवाह अखंड वाहतो, आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही सापडतात. हा गुन्हा आहे, त्यामुळे त्यातून वाचलेला माणूस दवाखान्यात खरे कारण सांगतोच असे नाही. अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जाऊ लागला की पत्र्याचे, पाण्याने भरलेले कुलर घराघरांत चालू होतात आणि अर्थिंग नसलेल्या कुलरला ओला हात लागतो. घराच्या गच्चीजवळून गेलेल्या ११ केव्हीच्या तारेत पतंग अडकतो आणि पोर लोखंडी सळई घेऊन तो काढायला जाते. आणि जून ते सप्टेंबर या काळात निंदणाला किंवा डवरणीला गेलेल्या मजुरांवर आकाशातली वीज पडते, जिची पूर्वसूचना देण्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप काढले आहे.

प्रवाह शरीरात शिरल्यावर काय करतो हे ठरते ते दाब आणि विरोध यांच्या भागाकाराने. कोरड्या, घट्टे पडलेल्या तळहाताचा विरोध एक लाख ओहमपर्यंत असू शकतो. त्यावर २३० व्होल्टचा दाब आला तर सुमारे २.३ मिलिअँपिअर प्रवाह वाहील, ज्याने झिणझिण्या येतील आणि हात मागे येईल. तीच त्वचा घामाने किंवा पाण्याने भिजली तर विरोध एक हजार ओहमपर्यंत उतरतो आणि प्रवाह शंभरपटीने वाढतो. सुमारे दहा ते पंधरा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आकडतात, आणि मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असल्याने माणूस तारेला चिकटतो. शंभर मिलिअँपिअरच्या आसपास हृदयाची लय बिघडू शकते. ११ हजार व्होल्टपुढे कोरडी त्वचाही टिकत नाही. ती जळते, आणि मग आतील स्नायू, रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांमधून प्रवाह मोकळा वाहतो. विद्युतदाहाची फसवणूक येथे असते, कारण तळहातावर रुपयाएवढा काळा डाग आणि तळपायावर तेवढाच दुसरा डाग, एवढेच बाहेरून दिसते आणि त्या दोन डागांच्या मधल्या वाटेवर काय शिजले आहे ते दिवसेंदिवस उलगडत जाते. डोळा या वाटेवर सहसा नसतो असे वाटते; प्रत्यक्षात डोके, मान किंवा खांद्यापाशी प्रवाह शिरला असेल तर तो वाटेवरच असतो, आणि हातातून पायात गेलेल्या प्रवाहानंतरही मोतीबिंदू झाल्याच्या नोंदी आहेत.

डोळ्याला होणाऱ्या इजा एका जातीच्या नाहीत आणि त्या एकाच वेळी दिसतही नाहीत. सर्वांत आधी दिसते ती आर्कच्या प्रकाशाची इजा. त्या प्रकाशातील अतिनील किरण बुबुळावरचे पारदर्शक पटल, म्हणजे कॉर्निया किंवा स्वच्छमंडल, वरवर भाजून काढतात आणि सहा ते बारा तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपू लागते, पाण्याच्या धारा लागतात, उजेड सहन होत नाही. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास पाठ असतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत आपोआप बरा होतो, आणि याच कारणाने पुढे घातक ठरतो: डोळ्यांचे जे व्हायचे होते ते झाले आणि मिटले, असा समज रुग्णाचा आणि कधी कधी उपचार करणाऱ्याचाही होतो.

दुसरी इजा पापण्यांची. भाजलेली त्वचा भरून येताना आक्रसते, आणि पापणीची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असल्याने ती बाहेर ओढली जाऊन डोळा पुरता मिटेनासा होतो. झोपेत उघडा राहिलेला डोळा कोरडा पडतो, स्वच्छमंडलावर व्रण होतो, व्रणात जंतू शिरतात आणि शेवटी त्या जागी कायमचा पांढरा डाग राहतो, ज्याला खेड्यापाड्यांत फूल पडणे म्हणतात. हे टाळण्याचे उपाय स्वस्त आहेत: रात्री डोळ्यांत मलम, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, आणि पापणी फार ओढली गेल्यास वेळेवर त्वचारोपण. मात्र ज्याचे दोन्ही हात पट्ट्यांत आहेत त्याच्या डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब कोण घालणार, हा प्रश्न वॉर्डात परिचारिकेचा आणि घरी बायकोचा किंवा आईचा असतो, आणि थेंब कसे घालायचे ते त्यांना सुट्टी देताना शिकवले गेले की नाही यावर पुष्कळ काही अवलंबून राहते.

मोतीबिंदूचा इतिहास तारांच्या जाळ्यापेक्षा जुना आहे. वीज अंगावर पडल्यानंतर झालेल्या मोतीबिंदूची नोंद सेंत-इव्ह या फ्रेंच नेत्रवैद्याने १७२२ मध्ये केली, म्हणजे आकाशातली वीज हा विद्युतप्रवाहच आहे हे फ्रँकलिनने दाखवून देण्याच्याही तीस वर्षे आधी. कारखान्यातील विजेच्या धक्क्यानंतरचा मोतीबिंदू वैद्यकीय वाङ्मयात आला तो १९०५ मध्ये, देब्रिएर आणि बार्जी यांच्या वृत्तान्तातून. त्यानंतरच्या शंभरांहून अधिक वर्षांत अशा रुग्णांचे वृत्तान्त जगभरातून येत राहिले, त्यांत भारतातलेही पुष्कळ आहेत. विद्युतदाहाच्या रुग्णांपैकी किती जणांना मोतीबिंदू होतो याचे उत्तर शेकडा एकाहून कमी येथपासून शेकडा आठपर्यंत वेगवेगळे मिळते. एवढी तफावत पडण्याचे कारण आजाराइतकेच पाठपुराव्यात आहे, कारण जो अभ्यास रुग्णांना वर्षभर पुन्हा पुन्हा बोलावतो त्याला मोतीबिंदू सापडतात, आणि जो सुट्टीच्या दिवशी मोजणी थांबवतो त्याला ते फारसे सापडत नाहीत.

भिंगाची रचना पाहिली तर ते विजेपुढे इतके हळवे का, हे समजते. डोळ्यातील भिंगाला रक्तपुरवठा नाही, मज्जातंतू नाहीत. क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांची अतिशय शिस्तबद्ध मांडणी आणि त्या मांडणीत पाणी नेमके राखणे, एवढ्यावर त्याची पारदर्शकता टिकते. पाणी राखण्याचे काम भिंगाच्या पुढल्या पृष्ठभागाखाली असलेला पेशींचा एकच थर करतो, जो सोडियम सतत बाहेर फेकत असतो. या थरावर भिंगाचे पातळ आवरण असते. विद्युतप्रवाहाने प्रथिने थेट गोठतात, आवरणाची पारगम्यता बिघडून नको तेवढे पाणी आत शिरते, भिंगाला पोषक द्रव पुरवणाऱ्या भागाला इजा होते, उष्णता साचते, भिंग धरून ठेवणारे स्नायू झटक्याने आकडतात, अशी अनेक कारणे सांगितली गेली आहेत. त्यांपैकी कोणते एक खरे, हे अद्याप ठरलेले नाही आणि बहुधा एकापेक्षा अधिक मिळून काम करतात. पण पेशींचा थर तत्काळ न मरता जायबंदी होऊन हळूहळू हरत जातो, असे मानले तर महिनोन्‌महिन्यांच्या विलंबाचा उलगडा बऱ्याच अंशी होतो.

हा मोतीबिंदू आरंभी दिसतो कसा, हे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. बाहुली थेंबांनी मोठी करून स्लिट लॅम्पच्या, म्हणजे प्रकाशाची उभी बारीक फट टाकणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने पाहिल्यास भिंगाच्या पुढील आवरणाखाली, मध्यापासून काहीसे दूर, काचेवर दव साचावे तसे बारीक बुडबुडे दिसतात. यांना रिक्तिका म्हणतात. या टप्प्यावर रुग्णाची काहीच तक्रार नसते आणि भिंतीवरच्या तक्त्यावरील शेवटची ओळही तो वाचतो. बाहुली मोठी न करता तपासले तर हे बुडबुडे पडद्यामागे, म्हणजे रंगीत बुबुळाच्या आड, लपून राहतात. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ते निसटतात ते यामुळे. पुढे बुडबुडे जागा सोडतात, त्यांच्या ठिकाणी पांढरे तंतू आणि खवले येतात, ते मध्याकडे सरकत ताऱ्याच्या आकाराची अपारदर्शकता तयार होते, काहींत मागील आवरणाखालीही थर जमतो, आणि तेव्हा उन्हात डोळे दिपणे, समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसणे, अक्षरे पुसट होणे या तक्रारी सुरू होतात. प्रवाह डोक्याच्या एका बाजूने शिरला असेल तर त्या बाजूचा डोळा आधी आणि अधिक बिघडतो, पण पुष्कळांत दोन्ही डोळे सापडतात. काहींत मोतीबिंदू आरंभीच्या अवस्थेत वर्षानुवर्षे थांबून राहतो, काहींत थोड्या महिन्यांत पिकतो. कोणाचा थांबेल आणि कोणाचा वाढेल हे सांगणारी खूण हाती नाही, आणि तो थांबवणारे औषधही नाही.

वऱ्हाडात मोतीबिंदू म्हातारपणाचा मानला जातो, आणि सर्वसाधारणपणे ते बरोबरही आहे. त्यामुळे पस्तिशीतल्या माणसाला दिसेनासे झाले तर आधी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला जातो, दोन-तीन महिन्यांनी नंबर पुन्हा बदलतो, आणि कोणी मोतीबिंदू ओळखला तरी ‘कच्चा आहे, पिकू द्या’ हा जुना सल्ला दिला जातो. हा सल्ला एके काळी, संपूर्ण भिंग बाहेर काढण्याच्या पद्धतीत, सयुक्तिक होता. आता तो निकामी आहे. अपघातापूर्वी दिलेल्या किंवा नंतर डोळ्यांच्या सुजेसाठी वापरलेल्या स्टेरॉइडनेही मोतीबिंदू होतो, मधुमेहानेही होतो, आणि त्यामुळे पन्नाशीच्या मधुमेही शेतकऱ्याच्या बाबतीत विजेचा वाटा किती हे ठरवणे तज्ज्ञालाही अवघड जाते. मुलांची गोष्ट याहून निकडीची आहे. साधारण आठ वर्षांच्या आतील मुलाच्या डोळ्यात मोतीबिंदू राहिला तर त्या डोळ्याकडून येणारी धूसर प्रतिमा मेंदू दुर्लक्षितो आणि डोळा आळशी होतो. पुढे भिंग बदलले तरी ती दृष्टी पूर्ण परतत नाही. पोर आपणहून तक्रार करत नाही, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याचे भागते.

भिंग हे डोळ्याचे एक अंग झाले. त्याच धक्क्याने दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथे बारीक दृष्टी असते त्या पीतबिंदूपाशी, सूज येऊ शकते किंवा छिद्र पडू शकते, आणि आकाशातल्या विजेच्या रुग्णांत ते अधिक आढळते. दृष्टिपटल सुटू शकते, डोळ्याच्या आतील रक्तवाहिन्यांचा थर सुजू शकतो, आणि डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी दृष्टिचेता सुकू शकते. हे सारे पिकलेल्या मोतीबिंदूच्या आड झाकलेले असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ध्वनिलहरींनी डोळ्याचा मागील भाग तपासणे आणि बाहुलीची प्रकाशाला मिळणारी प्रतिक्रिया काळजीपूर्वक पाहणे आवश्यक ठरते, अन्यथा शस्त्रक्रिया उत्तम होऊनही दिसत नाही आणि दोष शल्यचिकित्सकावर येतो. मागील भाग शाबूत असेल तर मात्र निकाल चांगला लागतो. शस्त्रक्रिया इतर मोतीबिंदूंसारखीच, लहान छेदातून भिंगाचा गाभा काढून आवरणाच्या पिशवीत कृत्रिम भिंग बसवण्याची. अडचण एवढीच की काही रुग्णांत पुढील आवरण तंतुमय आणि चिवट झालेले असते, त्यात गोल छिद्र पाडताना ते वाकडे फाटण्याची भीती असते, आणि आवरण निळ्या रंगाने रंगवून घेणे, भिंगाला धरणारे धागे सैल आहेत का ते पाहणे, ही सावधगिरी बाळगावी लागते. गर्दीच्या शिबिरात एकामागून एक होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या रांगेत हा रुग्ण ‘आणखी एक मोतीबिंदू’ म्हणून बसू नये, हे त्याच्या केसपेपरवर विजेच्या धक्क्याची नोंद असली तरच साधते.

ही नोंद हरवते कशी, ते रुग्णाच्या प्रवासाकडे पाहिल्यावर कळते. अकोट परिसरात भाजलेला माणूस आधी तालुक्याच्या ठिकाणी आणला जातो, तेथून गांधीग्रामजवळ पूर्णा ओलांडून सुमारे ४५ किलोमीटरवरील अकोल्याला, २००२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोपचार रुग्णालयात नेला जातो, आणि प्रकरण गंभीर असेल किंवा कुटुंबाची ऐपत असेल तर नागपूरला. शल्यचिकित्सा, अस्थिरोग, औषधवैद्यक असे विभाग त्याला पाहतात. पहिल्या चोवीस तासांत, पापण्या सुजून डोळे बंद होण्यापूर्वी, नेत्रतज्ज्ञाने एकदा पाहिले तर त्या वेळची दृष्टी आणि भिंगाची स्थिती कागदावर येते, आणि पुढच्या साऱ्या तुलनेला पाया मिळतो. ते झाले नाही तर सहा महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बसलेला माणूस केवळ ‘दिसत नाही’ एवढे सांगतो. तुटलेली बोटे त्याच्या हाताला दिसतात, पण त्यांचा डोळ्याशी संबंध असेल असे त्याला वाटत नाही. पाठपुराव्याचे सर्वमान्य वेळापत्रक नसले तरी सुट्टीच्या वेळी, एका महिन्याने, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात बाहुली मोठी करून तपासणी, आणि नंतर वर्षातून एकदा, एवढे डिस्चार्ज कार्डावर लिहिणे कोणत्याही रुग्णालयाला खर्चाचे नाही. आणि ते कार्ड त्याला वाचता येत नसेल, तर सोबतच्या नातेवाइकाला तोंडी सांगणेही खर्चाचे नाही.

कायद्याची घड्याळे या विलंबापुढे अपुरी पडतात. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ अन्वये विजेच्या अपघाताची सूचना देणे बंधनकारक आहे आणि विद्युत निरीक्षक त्याची चौकशी करतो. पण चौकशीच्या कागदांत जखम नोंदली जाते ती त्या दिवशीची. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत विजेचा धक्का आणि वीज पडणे ही दोन्ही कारणे धरली आहेत, अपघाताने एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास एक लाख आणि दोन डोळे किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख रुपये देण्याची तरतूद आहे, मात्र अर्ज अपघातापासून तीस दिवसांत करावयाचा असतो. तिसाव्या दिवशी या डोळ्यात काही दिसतच नाही, म्हणजे दोष दिसत नाही. शिवाय मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो, त्यामुळे तो ‘निकामी’ या शब्दात बसतो का, हा वाद उरतोच, आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही उपचारानंतर उरलेली दृष्टी मोजूनच मिळते. ही भूमिका चुकीची म्हणता येत नाही. परंतु शस्त्रक्रियेपर्यंतच्या महिन्यांत बुडालेल्या मजुरीला आणि अकोल्याच्या खेपांना या हिशेबात जागा नाही.

वीज कंपनीच्या दायित्वाबाबत न्यायालयांची भूमिका अधिक उदार आहे. मध्य प्रदेश विद्युत मंडळाविरुद्ध शैलकुमारी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये, रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने सायकलस्वाराचा मृत्यू झाला असता, मंडळाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही, धोक्याची वस्तू बाळगणाऱ्याने तिच्या परिणामांची जबाबदारी घ्यावी, असे ठरवले; आणि २०१४ मध्ये हरियाणातील एका चार वर्षांच्या मुलाला, ज्याचे दोन्ही हात आणि एक पाय गेला होता, साठ लाख रुपयांची भरपाई पुन्हा बहाल केली. या तत्त्वाचा लाभ स्वतः डीपीची पेटी उघडणाऱ्याला किंवा आकडा टाकणाऱ्याला सहजी मिळत नाही, हे उघड आहे. तार तुटून पडली आणि बांधावरून जाणारा सापडला, तर तो मिळू शकतो, आणि त्या दाव्यात सहा महिन्यांनी झालेला मोतीबिंदू घालायचा असेल तर पहिल्या आठवड्यातला नेत्रतपासणीचा कागद हाच एकमेव खांब ठरतो.

राहिला तो वीज हाच ज्याचा धंदा आहे तो माणूस. लाईनमन, वायरमन आणि आता मोठ्या संख्येने असलेले बाह्यस्रोत कामगार वाहिनी बंद केल्याचे परमिट घेऊन खांबावर चढतात, आणि कोठे तरी चालू असलेल्या जनित्राची वीज उलटी येऊन किंवा भलतीच वाहिनी बंद केली गेल्याने त्यांना धक्का बसतो. त्यांचे डोके आणि खांदे तारांच्या सर्वांत जवळ असतात, म्हणजे मोतीबिंदूचा धोका ज्या जागी अधिक तेथेच. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी भरपाई अधिनियम १९२३ च्या अनुसूचीत एका डोळ्याची दृष्टी गेल्यास, दुसरा शाबूत असताना, कमाईक्षमतेचे ३० टक्के नुकसान धरले होते, डोळाच गेल्यास ४० टक्के, आणि ज्याला डोळे लागतात असे कोणतेही काम अशक्य झाल्यास १०० टक्के. त्यात दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षे होती, सबळ कारण असल्यास आयुक्त ती वाढवू शकत, आणि तीस दिवसांच्या तुलनेत ती या आजाराला पुष्कळ जुळणारी होती. पण कंत्राटदार बदलला की कामगाराची नोंद बदलते, आणि जुन्या कंत्राटदाराकडच्या धक्क्याचा मोतीबिंदू नव्या कंत्राटदाराच्या काळात उघडा पडतो. एका डोळ्यात कृत्रिम भिंग आणि दुसऱ्यात आपले स्वतःचे, अशा स्थितीत अंतराचा अंदाज काही काळ चुकतो, भिंग बसवल्यावर जवळचे पाहायला चष्मा लागतो, आणि उन्हात खांबाच्या टोकावर डोळे दिपतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्याला पुन्हा वर चढवण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांची एकत्र तपासणी व्हावी लागते. तोपर्यंत त्याला खालचे काम, म्हणजे मीटर वाचणे किंवा उपकेंद्रातील नोंदी ठेवणे, द्यावे असा साधा मार्ग असतो, आणि कायम नोकरीतील लाईनमनच्या बाबतीत तो अवलंबणे शक्यही असते. रोजंदारीवरील माणसाला खालचे काम म्हणजे काम नसणे. त्यामुळे धूसर दिसू लागले तरी तो ते सांगत नाही.